मेलेले जनावर बोलते, ऐकणारा हवा

गेल्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, आमची दुभती म्हैस चार दिवसांत गेली. पहिल्या दिवशी तिने वैरण सोडली. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला आणि ती सारखी ओरडू लागली. घशात उसाचे कांडे अडकले असेल म्हणून आमच्या मालकांनी तोंडात हात घालून पाहिला. तिसऱ्या दिवशी मागचे पाय लटपटू लागले, चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. शेताच्या बांधाला खड्डा करून पुरली. आता शेजारी म्हणतात, म्हैस पिसाळली होती. घरातल्या सगळ्यांनी तिचे दूध घेतले आहे. आम्ही काय करावे?"

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ज्यांनी म्हशीच्या तोंडात हात घातला, ज्यांच्या हाताच्या जखमेला, ओरखड्याला तिची लाळ लागली, त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जाऊन सगळी हकिकत सांगावी आणि डॉक्टर सांगतील तशी रेबीजची लस पूर्ण करावी. इतके दिवस झाले, आता काय उपयोग, असा विचार करू नये. दूध उकळून घेतले असेल तर भिण्याचे कारण नाही. कोणी धारोष्ण दूध घेतले असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता राहिला दुसरा प्रश्न. म्हैस खरोखरच पिसाळली होती का? ताई, हे मी सांगू शकत नाही आणि जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. लक्षणे तशी आहेत, एवढेच म्हणता येते. ज्या डोक्यात याचे उत्तर होते, ते डोके जमिनीत गेले.

या सदरात आपण बहुधा जिवंत जनावरांविषयी आणि माणसांविषयी बोलतो. आज मेलेल्या जनावरांविषयी लिहितो आहे. विषय अमंगळ वाटेल, पण वाचकहो, शेवटपर्यंत वाचा. तुमच्या गोठ्यातल्या उरलेल्या जनावरांचा आणि घरातल्या माणसांचा जीव यात गुंतलेला आहे.

परळचे धडे

मी पशुवैद्यकाचे शिक्षण १९७४ ते १९७८ या काळात मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेतले. हे महाविद्यालय १८८६ सालचे. शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने चालणारे जनावरांचे जुने इस्पितळ आहे. मी लालबागला मामांच्या चाळीत राहत असे. १९८२ च्या संपाच्या आधीचे दिवस. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की चाळ जागी व्हायची आणि मी पायीच कॉलेजला निघायचो.

परळचे एक वैशिष्ट्य तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते, आता येते. माणसांचे के. ई. एम. रुग्णालय, कॅन्सरसाठीचे टाटा रुग्णालय, लस बनवणारी हाफकिन संस्था आणि जनावरांचे इस्पितळ ही सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कुत्र्याने चावलेला माणूस एका दारात आणि चावणारा कुत्रा दुसऱ्या दारात, असा तो प्रकार. आपल्या जिल्ह्यात मात्र माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना यांची वर्षानुवर्षे गाठ पडत नाही.

आमचे विकृतिशास्त्राचे सर शवविच्छेदनगृहात पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मालक सांगतो ते ऐका, जिवंत जनावर दाखवते ते पाहा. पण शेवटचा शब्द या टेबलावरच्या जनावराचा." तिथे चार वर्षांत जे पाहिले, त्यातली तीन ठिकाणे आज सांगतो. मेंदू, डोळा आणि काळीज. या तिन्हींचे रोग बाहेरून फसवतात.

मेंदू निरोगी दिसतो

पिसाळलेल्या जनावराचा मेंदू फुटलेला, सडलेला दिसत असेल अशी अनेकांची कल्पना असते. तसे काही नसते. रेबीजने मेलेल्या कुत्र्याचा किंवा म्हशीचा मेंदू हातात घेतला तर उघड्या डोळ्यांना तो अगदी निरोगी वाटतो. रोग दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९०३ साली नेग्री नावाच्या इटालियन डॉक्टरला अशा मेंदूच्या पेशींमध्ये बारीक गोल ठिपके दिसले. पुढे त्यांना त्याचेच नाव मिळाले. कुत्र्यात ते मोठ्या मेंदूच्या आतल्या एका विशिष्ट घडीत शोधावे लागतात, गाईम्हशीत लहान मेंदूत. ते दिसले तर रेबीज नक्की. दिसले नाहीत तर मात्र रेबीज नव्हताच असे म्हणता येत नाही. म्हणून आता मेंदूच्या तुकड्यावर चमकणाऱ्या रंगाची चाचणी करतात. त्यात रेबीजचा विषाणू असला तर हिरवा चमकतो आणि काही तासांत निकाल मिळतो.

गाईम्हशींमध्ये हा रोग ओळखणे विशेष अवघड. कुत्रा चावलेला कोणी पाहिलेला नसतो, जखम भरून गेलेली असते, मध्ये काही आठवडे किंवा काही महिने जातात. मग जनावर खात नाही, लाळ गाळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात काही अडकले आहे. आणि माणूस नेमके करू नये तेच करतो, तोंडात हात घालतो. शेतकरी घालतो तसा डॉक्टरही घालतो. मीही घातलेला आहे. ती गोष्ट शेवटी सांगतो.

डोळ्यातला दोरा

परळला शिकत असताना एक घोडा पाहिला होता. तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या बऱ्याच होत्या, आता त्या रस्त्यावरून गेल्या. घोड्याचा एक डोळा पाण्याने भरलेला आणि बुबुळ निळसर झालेले. सरांनी बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागच्या पाण्यात, पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत वळवळताना स्पष्ट दिसला. आम्ही सगळे विद्यार्थी एकमेकांना ढकलून पाहत होतो.

हा जंत मूळचा गाईबैलांचा. त्यांच्या पोटाच्या पोकळीत तो राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. त्याची पिल्ले रक्तात उतरतात आणि डास ती उचलून दुसऱ्या जनावरात सोडतो. घोडा किंवा शेळी हे त्याचे नेहमीचे घर नव्हे. तिथे तो वाट चुकतो. डोळ्यात शिरला तर शस्त्रक्रिया करून काढता येतो. पण मज्जारज्जूत शिरला तर जनावर मागून लुळे पडते. आमच्या पुस्तकात घोड्याच्या या रोगाला कुमरी म्हणत.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर एखादी शेळी मागून लुळी पडली की लोक म्हणतात, अंगावरून वारे गेले. तेल चोळतात, डाग देतात. शेळी मरते आणि विषय संपतो. त्या शेळीचा मज्जारज्जू तपासला तर कदाचित त्यात जंताच्या पिल्लाने पोखरलेली वाट सापडेल. मग उरलेल्या कळपाला वेळेवर औषध देता येईल, शेळ्या आणि गुरे यांच्या गोठ्यातले डास कमी करता येतील. किंवा दुसरेच काही सापडेल. रेबीजनेही शेळी लुळी पडते, हे विसरू नये.

डोळ्याची आणखी एक गोष्ट दुष्काळी भागातली आहे. हिरवा चारा महिनोन्‌महिने मिळाला नाही तर जीवनसत्त्व 'अ' कमी पडते. मोठ्या जनावराला रातांधळेपणा येतो, तो हिरवा चारा मिळाल्यावर बरा होतो. वाढत्या वासराचे मात्र तसे नाही. डोळ्याकडे जाणारी नस कवटीतल्या ज्या भोकातून जाते, ते भोक हाड नीट न वाढल्याने अरुंद होते आणि नस चेपली जाते. ते वासरू कायमचे आंधळे होते. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, म्हणून मालक म्हणतो, जन्मखोड आहे. असे एक वासरू मेले आणि ते तपासले गेले, तर त्याच दावणीची बाकीची वासरे वेळीच वाचतात.

काळजात तार

तिसरे ठिकाण काळीज. दादर स्टेशनबाहेर जिथे फुलांच्या टोपल्या उतरतात, त्या भागात एक गाय बांधलेली असे. येणारेजाणारे चार पैसे देऊन तिला घास घालत. राहिलेले हार आणि गुच्छही कोणी कोणी तिच्यापुढे टाकी. गाय खंगत गेली. गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरले, मानेची शीर दोरखंडासारखी फुगली, चालताना कण्हू लागली. एक दिवस ती गेली आणि आमच्या टेबलावर आली.

सरांनी छाती उघडली. काळजाभोवतीची पिशवी घाणेरड्या पाण्याने आणि पुवाने तट्ट भरलेली होती. काळजावर पिवळट खरबरीत थर साचला होता. आणि त्या थरात रुतलेली, फुलांचा गुच्छ बांधतात तसली बोटभर तार.

तार काळजात गेली कशी? गाय आपल्यासारखी निवडून, चावून खात नाही. जिभेने ओढते आणि गिळते, रवंथ नंतर. जड वस्तू जाळीपोटात जाऊन पडते. जाळीपोट आणि काळीज यांच्यामध्ये फक्त श्वासपटलाचा पडदा असतो. पोट आकसते तेव्हा तार टोचत टोचत पुढे सरकते. गाभण गाईत वासराचा भार पोटावर आला की ती अधिकच ढकलली जाते.

पुण्य मिळावे म्हणून घास घालणाऱ्याच्याच हातून गाईच्या काळजात तार जाते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. आज आपल्या गावात काय वेगळे आहे? कडबाकुट्टीत आलेले तारेचे तुकडे, जळालेल्या टायरची तार, बांधकामावरचे खिळे, लग्नमांडवाच्या मागे टाकलेले हार. दरवर्षी गाई खंगून मरतात आणि आपण म्हणतो, नजर लागली. एका गाईच्या काळजात तार सापडली की मालक दुसऱ्या दिवशी गोठा झाडून काढतो, हा माझा अनुभव आहे. शंभर व्याख्यानांनी होत नाही ते एका तारेने होते. गाईच्या पोटात लोहचुंबक सोडून तार तिथेच धरून ठेवण्याचा उपायही आहे, तो आपल्या डॉक्टरांना विचारावा.

काळजाचा दुसरा रोग वासरांचा. लाळ्या-खुरकुताची साथ येते तेव्हा मोठ्या जनावरांच्या तोंडाला आणि खुरांना फोड येतात. वासराच्या तोंडात मात्र काहीच दिसत नाही. सकाळी आईला पिता पिता ते कोसळते आणि मरते. मालकाला साप चावल्याचा संशय येतो. असे वासरू उघडले तर काळजाच्या मांसावर करडे-पिवळे पट्टे दिसतात, वाघाच्या अंगावर असतात तसे. पुस्तकात या काळजाला वाघाचे काळीज असेच नाव आहे. ते पट्टे पाहिले की सापाचा संशय संपतो आणि गावभर लस टोचायला निघता येते. केंद्र सरकारने २०१९ साली या रोगाविरुद्ध देशभर लसीकरणाची मोहीम सुरू केली. लस फुकट आहे, दारात येते, तरी "दूध कमी होते" म्हणून जनावर लपवणारे लोक आहेत. त्यांनी एकदा ते पट्टेरी काळीज पाहावे.

हे जनावर उघडू नका

इथे एक सावधगिरीची सूचना, ती कात्रण काढून गोठ्यात लावा. धडधाकट जनावर अचानक मेले, पोट फुगले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर तो फाशी रोग असू शकतो. अशा जनावराला सुरी लावायची नाही, कातडे काढायचे नाही. या रोगाचे जंतू हवा लागली की बीजरूप धरतात आणि मातीत अनेक वर्षे टिकतात. माणसालाही ते सोडत नाहीत. डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन तपासतील, तेवढे पुरे. मग चुना टाकून खोल पुरावे.

आणि कोणतेही जनावर मालकाने स्वतः उघडू नये. हे काम डॉक्टरांचे आहे, हातमोजे घालून, तोंड-डोळे झाकून करायचे.

विमा असेल तरच?

आता माझी तक्रार. आपल्याकडे शवविच्छेदन होते कधी? जनावराचा विमा असेल तर. विम्याच्या कागदाला दाखला लागतो म्हणून. ज्या गरिबाच्या एकुलत्या एका म्हशीचा विमा नाही, तिचे मरण बेवारस. म्हणजे पैसे मिळणार असतील तर कारण शोधायचे आणि फक्त जीव वाचणार असतील तर खड्डा खणायचा, असा हा हिशेब झाला. हा हिशेब उलटा व्हायला हवा.

माझे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा मालकांसाठी. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. विशेषतः लाळ गाळून, लुळे पडून, आंधळे होऊन, खंगून किंवा अचानक मेले असेल तर. "मेलेल्याला काय दाखवायचे?" असे म्हणू नका.

दुसरा मुद्दा माझ्या तरुण पशुवैद्यक मित्रांसाठी. रेबीजची प्रतिबंधक लस आधी स्वतः टोचून घ्या. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका. आणि कारण कळले नसेल तर नोंदवहीत "निदान झाले नाही" असे सरळ लिहा. खोटे निदान लिहिण्यापेक्षा ते बरे. संशय असेल तर डोके बर्फात घालून, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून प्रयोगशाळेकडे पाठवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, त्यांच्याशी आधी फोनवर बोला.

तिसरा मुद्दा जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्यासाठी. प्रत्येक तालुक्याला एक पक्का ओटा, पाण्याचा नळ, हातमोजे, दोन चांगल्या सुऱ्या आणि एक बर्फाची पेटी, एवढेच मागतो आहे. एखाद्या कमानीच्या खर्चातही हे बसेल. आणि जनावरात रेबीज सापडला की त्याच दिवशी ती खबर प्राथमिक आरोग्य केंद्राला गेली पाहिजे.

माझी नोंदवही

शेवटी ती गोष्ट. १९८३ साली मी एका तालुक्याच्या दवाखान्यात होतो. एक म्हैस आणली, अगदी पत्रातल्या ताईंच्या म्हशीसारखी. मालक म्हणाला, घशात काही अडकले. मी कोपरापर्यंत हात घातला. काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली आणि मला परळचे टेबल आठवले. मालक नको म्हणत होता. त्याचे म्हणणे, लक्ष्मीचे डोके फोडू नका. त्याच्या म्हातारीने त्याला समजावले. मेंदूचे तुकडे मुंबईला पाठवले. निकाल आला, रेबीज. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे. हाफकिनमध्येही ती तयार होई, २००५ च्या सुमारास देशात ती बंद झाली. ती पोटात टोचत. मालक, भाकरीचा तुकडा हाताने भरवणारी त्याची बायको, तोंड धरणारा गडी आणि मी, असे चौघे रोज रांगेत पोट उघडे करून उभे राहत होतो. चौदा सुया. आम्ही चौघेही वाचलो. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस हाताला लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण ही गोष्ट सांगताना मला दुसरी आठवते. त्याच्या आदल्या वर्षी एक बैल असाच लाळ गाळत गेला होता. मी नोंदवहीत "अपचन" लिहिले आणि पुरायला सांगितले. त्या बैलाच्या तोंडात कोणी कोणी हात घातला होता, हे मी विचारलेही नाही. त्या घरच्या माणसांचे पुढे काय झाले, ते मला आजही माहीत नाही.

ताई, तुमच्या मालकांना आजच दवाखान्यात पाठवा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी खड्डा खणण्याआधी डॉक्टरांना निरोप धाडा.